विश्लेषण : चिलटे खातात तरी काय? कोणती चावतात, कोणती नुसतीच घोंगावतात?

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यातील केशवनगर-खराडी परिसरात मुळा-मुठा नदीवर उठलेल्या किड्यांच्या उंच खांबांची चित्रफीत देशभर पाहिली गेली. ‘डासांचे वादळ’ असे तिचे नाव पडले. त्याच वर्षी पावसाळ्यात गुजरातमध्ये चांदीपुरा विषाणूने लहान मुलांचे बळी घेतले. त्या विषाणूचा वाहक होती डासाहूनही लहान वाळूमाशी. पहिल्या घटनेत किडे लाखोंच्या संख्येने डोळ्यांसमोर होते, दुसऱ्या घटनेत ते कोणाला दिसलेही नाहीत. म्हणजे किडे किती आहेत, यावरून धोका ठरत नाही. ते काय खातात, यावरून ठरतो. घरात, गोठ्यात आणि शेतात आपण ज्यांना सरसकट ‘चिलटे’ म्हणतो, त्यांच्या आहाराचा हा आढावा.

सगळी चिलटे एकाच जातीची असतात का?

नाही. ‘चिलट’ हे शास्त्रीय नाव नव्हे. डासापेक्षा लहान, अंगाभोवती किंवा अन्नावर घोंगावणाऱ्या कोणत्याही किड्याला मराठीत चिलट म्हटले जाते. कुठे त्याला केमरे म्हणतात, कुठे घुंगुरटे, कुठे मुरकूट. या नावांखाली निदान अर्धा डझन वेगवेगळ्या कुळांतील कीटक येतात. डास आणि घरमाशीप्रमाणेच हे सारे द्विपंखी गणातले. इतर बहुतेक कीटकांना पंखांच्या दोन जोड्या असतात, यांना एकच. मागच्या जोडीच्या जागी गदेच्या आकाराचे दोन छोटे अवयव असतात आणि उडताना ते तोल सांभाळतात.

शरीराची ही ठेवण सारखी असली तरी तोंडाची रचना मात्र कुळागणिक बदलते. कोणाचे तोंड स्पंजसारखे, द्रव टिपून घेणारे असते, कोणाचे कात्रीसारखे कापणारे, तर कोणाचे जवळपास निकामी झालेले. चिलट चावेल की नाही, हे तोंडाच्या या रचनेवर अवलंबून असते.

अळीचा आहार वेगळा आणि प्रौढाचा वेगळा, असे का?

अंडी, अळी, कोष आणि प्रौढ अशा चार अवस्थांतून चिलटाचे आयुष्य जाते. वाढीसाठी लागणारे बहुतेक अन्न अळी खाते. प्रौढाचे मुख्य काम म्हणजे जोडीदार शोधणे आणि योग्य जागी अंडी घालणे. त्यासाठी उडण्याची ताकद लागते, ती बहुतेक जातींना फुलांतील मध किंवा झाडावरील गोड स्रावातील साखरेतून मिळते. काही जातींच्या माद्यांना मात्र अंडी पोसण्यासाठी प्रथिने लागतात आणि ती त्या रक्तातून मिळवतात.

हा फरक समजला की एक गोष्ट लक्षात येते. हवेत दिसणारे चिलट हा प्रश्नाचा शेवटचा टप्पा असतो. त्याची सुरुवात कुठे तरी ओलसर जागी, अळीच्या अन्नापाशी झालेली असते. म्हणून हवेत औषध मारून चिलटे तात्पुरती कमी होतात आणि अळीचे अन्न तसेच राहिले तर काही दिवसांत परत येतात.

नदीवर दिसणारे खांब डासांचेच असतात का?

असतीलच असे नाही. असे थवे डासांचे नरही करतात आणि डासासारखीच दिसणारी, पण न चावणारी पाणचिलटेही करतात. संध्याकाळच्या वेळी झाडाचा शेंडा, खांब किंवा पाण्याचा काठ अशी एखादी खूण धरून नर तिच्यावर गोळा होतात. माद्या त्या थव्यात शिरतात आणि जोड्या जमतात. म्हणजे हा खांब हल्ल्याचा नसून विणीचा असतो.

पाणचिलटांचे प्रौढ जेमतेम काही दिवस जगतात. त्यांना चावण्याजोगे तोंडच नसते. अनेक जाती प्रौढावस्थेत जवळपास काही खात नाहीत. त्यांचे सारे खाणे अळीच्या अवस्थेत, तळाच्या गाळात उरकलेले असते. गाळातील कुजका कचरा आणि शेवाळ यांवर या अळ्या जगतात. त्यातल्या काहींचा रंग लालभडक असतो, कारण त्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन असते. पाण्यात प्राणवायू अगदी कमी असला तरी त्याच्या आधारे त्या तग धरतात. मासे आणि इतर जलचर जिथे गुदमरतात, त्या सांडपाण्याच्या गाळात या अळ्यांना खायला भरपूर मिळते आणि खाणारा शत्रू उरत नाही. नदीवर पाणचिलटांचे प्रचंड थवे वारंवार दिसू लागले, तर तो नदीच्या प्रकृतीचा अहवाल समजावा. ही चिलटे रोग पसरवत नसली तरी अगदीच निरुपद्रवी नाहीत. मोठ्या संख्येने मेल्यावर त्यांच्या शरीराचे कण श्वासात जाऊन काहींना अ‍ॅलर्जी किंवा दम्याचा त्रास होऊ शकतो.

केळ्यांवर आणि कुंडीत येणारी चिलटे कोणती?

पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणारी, लाल डोळ्यांची चिलटे म्हणजे ‘ड्रॉसोफिला’. आंबा-पेरू पोखरणारी फळमाशी वेगळी. ड्रॉसोफिला ताज्या फळाला सहसा छेद देत नाही. फळ आंबू लागले की त्यावर यीस्ट वाढते आणि तिला हवे असते ते हे यीस्ट. तिच्या अळ्याही तेच खातात. २५ अंश तापमानात अंड्यापासून प्रौढापर्यंतचा तिचा प्रवास साधारण दहा दिवसांत पूर्ण होतो. चार दिवस विसरलेल्या केळ्यांच्या फणीतून अचानक चिलटांची फौज निघते ती यामुळे. या झटपट वाढीमुळेच ती प्रयोगशाळेतही लाडकी झाली. आनुवंशिकतेत गुणसूत्रांची भूमिका दाखवणाऱ्या थॉमस हंट मॉर्गन यांना १९३३ मध्ये, तर शरीरातील जैविक घड्याळाचे काम उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ मध्ये नोबेल मिळाले, ते या चिलटावरील प्रयोगांच्या बळावर.

घरातील कुंड्यांभोवती रेंगाळणारी काळसर चिलटे वेगळी. ती बुरशीचिलटे. त्यांच्या अळ्या पारदर्शक असतात आणि डोके काळे, चकचकीत असते. कुंडीतील ओल्या मातीत वाढणारी बुरशी आणि कुजलेला पाला हे त्यांचे मुख्य अन्न. संख्या वाढली की त्या रोपांची कोवळी मुळेही कुरतडतात. घरात याचा त्रास किरकोळ असला तरी पॉलिहाऊस, रोपवाटिका आणि अळिंबी उत्पादनात ही चिलटे मोठे नुकसान करतात.

भातशेतीत यांचीच एक दूरची नातलग कुप्रसिद्ध आहे. ती म्हणजे गादमाशी. दिसायला लहान डासासारखी असलेल्या या माशीची अळी भाताच्या वाढत्या कोंबात शिरून तो खाते. मग पानाऐवजी कांद्याच्या पातीसारखी पोकळ, चंदेरी नळी बाहेर येते. त्या फुटव्याला लोंबी धरत नाही. पूर्व विदर्भातील भात उत्पादकांना हा ‘चंदेरी पोंगा’ चांगलाच परिचयाचा आहे.

डोळ्यांभोवती घोंगावणारी चिलटे चावतात का?

ती चावत नाहीत, टिपतात. भारतात आढळणाऱ्या अशा नेत्रचिलटांच्या एका जातीचे शास्त्रीय नाव ‘सिफनक्युलिना फ्युनिकोला’ आहे. ‘फ्युनिकोला’ म्हणजे दोरीवर राहणारी. लोंबत्या दोऱ्या, विजेच्या तारा आणि कोळिष्टके यांवर ती दाटीवाटीने विसावते, त्यावरून हे नाव पडले. तिचे अन्न म्हणजे अश्रू, घाम आणि जखमेतून पाझरणारा स्राव. त्यांतून तिला पाणी, क्षार आणि प्रथिने मिळतात. लहान मुले, कुत्री आणि गुरे यांच्या डोळ्यांभोवती ती घुटमळते ती यासाठी.

तिच्या तोंडाला सुई नसते, पण टिपण्याचा भाग खरखरीत असतो. त्याने डोळ्याच्या नाजूक त्वचेवर सूक्ष्म ओरखडे उठू शकतात. ती एका चेहऱ्यावरून उठून दुसऱ्या चेहऱ्यावर बसते तेव्हा पायांना आणि तोंडाला लागलेले जंतूही सोबत नेते. डोळे येण्याची साथ मुख्यतः हात, रुमाल आणि टॉवेल यांतून पसरत असली, तरी अशी चिलटे तिला हातभार लावू शकतात. म्हणून डोळे आलेल्या मुलाचा चेहरा वारंवार स्वच्छ पुसणे आणि त्याचा टॉवेल वेगळा ठेवणे महत्त्वाचे.

रक्त कोणती चिलटे पितात आणि कशी?

भारतात रक्त पिणाऱ्या चिलटांमध्ये तीन गट महत्त्वाचे आहेत. ‘क्युलिकॉइड्स’ ही गोठ्याभोवतीची चिलटे, वाळूमाश्या आणि वाहत्या पाण्याजवळच्या काळ्या माश्या. तिन्हींमध्ये रक्त पिते ती फक्त मादी. नर गोड रसावर जगतो.

डास आणि या चिलटांची रक्त पिण्याची पद्धत वेगळी आहे. डासाची सोंड सुईसारखी असते. ती त्वचेखालची केशवाहिनी शोधून थेट तिच्यातून रक्त ओढते. चिलटांचे तोंड आखूड आणि दातेरी पात्यांचे असते. ती त्वचा कापतात, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या फाटून रक्ताचे सूक्ष्म डबके तयार होते आणि त्यातून ती रक्त पितात. रक्त गोठू नये म्हणून लाळ सोडतात. या लाळेमुळे नंतर जोरदार खाज सुटते. मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या किड्याचा चावा डासापेक्षा जास्त झोंबतो, त्याचे कारण हे.

क्युलिकॉइड्सच्या तेराशेहून अधिक जाती जगभरात नोंदल्या गेल्या आहेत. बहुतेक पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहेर पडतात. जनावरांच्या उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड आणि अंगाचा वास यांचा माग काढत त्या भक्ष्यापर्यंत पोहोचतात. अळ्यांना मात्र लागतो चिखल, ओले शेण आणि कुजका पाला. म्हणजे गोठ्याभोवतीच मादीला रक्त मिळते आणि अळ्यांना अन्नही.

मेंढपाळांना या चिलटांची धास्ती का?

कारण ‘नीलजिव्हा’ हा मेंढ्यांचा जीवघेणा रोग क्युलिकॉइड्स पसरवतात. मेंढीला ताप भरतो, तोंडातून लाळ गळते, ओठ आणि जीभ सुजते, काही वेळा जीभ निळसर पडते, पाय लंगडतात, गाभण मेंढ्या गाभडतात. हा रोग माणसाला होत नाही. मूळ वर्णन दक्षिण आफ्रिकेतले, पण भारतातील पहिली नोंद महाराष्ट्रातील आहे. १९६४ मध्ये राज्यातील शेळ्या-मेंढ्यांमध्ये तो आढळला. पुढे दक्षिणेकडील राज्यांत त्याचे मोठे उद्रेक होत राहिले.

चिलटाने आजारी जनावराचे रक्त पिताच रोग पुढे जात नाही. विषाणू आधी चिलटाच्या पोटातून शरीरात पसरतो, तिथे त्याची संख्या वाढते आणि मग तो लाळेत उतरतो. याला तापमानानुसार साधारण एक ते दोन आठवडे लागतात. पुढच्या अंड्यांसाठी मादी पुन्हा रक्त प्यायला येते तेव्हा विषाणू दुसऱ्या जनावरात शिरतो. तोवर जगलेली मादीच धोकादायक ठरते. पावसाळ्यातील आणि त्यानंतरचा उबदार, दमट काळ चिलटांना मानवतो आणि रोगालाही. गाई-म्हशींमध्ये अनेकदा लक्षणे दिसत नाहीत, पण त्यांच्या रक्तातून विषाणू चिलटांपर्यंत पोहोचत राहतो. त्यामुळे फक्त मेंढ्यांवर लक्ष ठेवून भागत नाही. भारतात पाच उपप्रकारांविरुद्धची लस उपलब्ध आहे. तिचा उपयोग साथ येण्याआधी टोचली तरच.

चांदीपुरा विषाणू आणि वाळूमाशी यांचा संबंध काय?

चांदीपुरा हे नागपूरजवळील गाव. १९६५ मध्ये तेथील तापाच्या रुग्णांच्या रक्तात हा विषाणू सापडला. पुण्यातील विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने तो वेगळा केला आणि गावाचे नाव विषाणूला मिळाले. रेबीजचा विषाणू ज्या कुळातला, त्याच कुळातला हा. प्रामुख्याने १५ वर्षांखालील मुलांना तो गाठतो. अचानक तीव्र ताप, उलट्या, झटके आणि बेशुद्धी अशा क्रमाने आजार इतक्या वेगाने वाढतो, की काही मुले एक-दोन दिवसांतच दगावतात.

२००३ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील उद्रेकात ३२९ मुलांना मेंदूज्वराची लक्षणे दिसली आणि त्यातील १८३ मुले मरण पावली. २०२४ मध्ये जूनच्या सुरुवातीपासून १५ ऑगस्टपर्यंत देशात तीव्र मेंदूज्वराच्या २४५ रुग्णांची नोंद झाली, त्यातील ८२ जणांचा मृत्यू झाला. ६४ रुग्णांमध्ये चांदीपुरा विषाणूची खात्री झाली. यावर विशिष्ट औषध किंवा लस नाही. ताप, झटके आणि मेंदूची सूज आटोक्यात ठेवणारे उपचार वेळेत मिळणे, हाच आधार.

वाळूमाशी दोन-तीन मिलिमीटरची, केसाळ आणि फिकट रंगाची. बसताना ती पंख इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे उभे धरते. लांब उडत नाही, उड्या मारल्यासारखी थोडे थोडे अंतर कापते. दिवसा मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत लपते आणि रात्री चावायला निघते. तिच्या अळ्या डासांप्रमाणे पाण्यात वाढत नाहीत. ओलसर माती, शेण, कुजका कचरा यांतले सेंद्रिय कण खाऊन त्या वाढतात. बिहार, झारखंडसारख्या राज्यांत काळा आजार पसरवणारी माशीही याच गटातली.

मग धूरफवारणीने भागत नाही का?

पूर्णपणे नाही. धूरफवारणीत हवेत उडणारे प्रौढ मरतात. भिंतीच्या भेगेतील वाळूमाशी आणि शेणातील अळी शाबूत राहते. डासांसाठी पाळला जाणारा ‘कोरडा दिवस’ही वाळूमाशीवर चालत नाही, कारण तिची पैदास साचलेल्या पाण्यात नसतेच. साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून ही बारीक चिलटे आत येऊ शकतात. अधिक बारीक विणीची किंवा कीटकनाशकात भिजवलेली मच्छरदाणी उपयोगी पडते.

ज्या चिलटाचा त्रास आहे, त्याच्या अळीचे अन्न तोडणे हा टिकाऊ उपाय आहे. वाळूमाशीसाठी भिंतींच्या भेगा लिंपणे, शेण आणि कचऱ्याचे ढीग घरापासून दूर हलवणे, आरोग्य विभागाकडून घराच्या व गोठ्याच्या आतील भिंतींवर फवारणी करून घेणे आणि मुलांना रात्री अंगभर कपडे घालणे. क्युलिकॉइड्ससाठी गोठ्याभोवतीचा चिखल आटवणे, शेणखड्डा झाकणे आणि तिन्हीसांजेच्या आत मेंढ्या उंच, कोरड्या जागी नेणे. दोन्ही किडे उडण्यात दुबळे असल्याने जोरदार वाऱ्यात किंवा पंख्याखाली त्यांचा उपद्रव कमी होतो.

स्वयंपाकघरातील उपाय सोपे आहेत. पिकलेली फळे झाकून ठेवावीत, ओला कचरा रोज काढावा. व्हिनेगरमध्ये भांडी घासण्याच्या साबणाचा थेंब टाकून वाटी ठेवली की ड्रॉसोफिला त्यात बुडतात. कुंडीतील वरची माती दोन पाण्यांच्या मध्ये सुकू दिली की बुरशीचिलटांचे अन्न संपते. पिवळ्या चिकट पट्ट्यांवर त्यांचे प्रौढ अडकतात.

चिलटे अजिबात नसतील तर बरे होईल का?

ज्या कुळात क्युलिकॉइड्स येतात, त्याच कुळातील काही चिलटे कोकोच्या फुलांचे परागीभवन करतात. हे फूल इतके लहान आणि गुंतागुंतीचे असते, की मधमाशीला त्यात नीट शिरता येत नाही. या चिलटांशिवाय कोकोच्या झाडाला फळे धरणे अवघड, म्हणजे चॉकलेटही अवघड. गादमाशीच्या कुळातील एका जातीची अळी पिकांवरील मावा खाते आणि हरितगृहांत ती मुद्दाम सोडली जाते. पाणचिलटांच्या अळ्या माशांचे महत्त्वाचे खाद्य आहेत, तर प्रौढांवर पाकोळ्या, वटवाघळे आणि चतुर जगतात. बुरशीचिलटे जंगलातील पालापाचोळ्याची माती करायला मदत करतात.

त्यामुळे सरसकट नायनाट शक्य नाही आणि गरजेचाही नाही. गरज आहे ती ओळख पटवण्याची. केळ्यांवरच्या चिलटाने घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र पावसाळ्यात, मातीच्या घरांच्या आणि गोठ्यांच्या वस्तीत एखाद्या मुलाला अचानक जोराचा ताप, उलट्या आणि झटके आले, तर चिलट चावल्याची खूण शोधत बसू नये. मुलाला त्याच तासाला जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे.